पुण्यात स्वस्त भाग शोधताय? आधी तो स्वस्त का आहे ते शोधा

प्रश्न असा आहे: नवरा हिंजवडी फेज १ मध्ये नोकरीला, बायको स्वारगेटजवळ. सगळा खर्च धरून हातात ४५ लाख, टू बीएचके हवा. पुण्यात अजून परवडणारा आणि पुढे वर येणारा भाग कोणता?

भागाचं नाव सांगतो, पण उत्तराच्या शेवटी. आज सांगितलेलं नाव सहा महिन्यांत शिळं होतं, शोधायची रीत मात्र कुठल्याही भागाला लावता येते.

कुठलाही भाग उगाच स्वस्त नसतो. शेजारच्या भागापेक्षा चौरस फुटाला हजार-दीड हजार कमी पडत असतील, तर त्यामागे काहीतरी कारण असतं. ते कारण चार-पाच वर्षांत जाणारं आहे की कधीच न जाणारं, एवढं ठरवता आलं की निम्मं काम झालं. जाणारं कारण असेल तर तो वर येणारा भाग. न जाणारं असेल तर तो नुसता स्वस्त भाग, आणि विकायला काढाल तेव्हाही स्वस्तच.

न जाणारी कारणं आधी, कारण पैसे तिथेच अडकतात.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला शोधत असाल तर पहिला शब्द ‘रेड झोन’. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्ड आणि दिघीच्या मॅगझिनभोवती (दारूगोळ्याचं कोठार) ११४५ मीटर पट्ट्यात बांधकामाला परवानगी नाही. तळवडे, चिखली, निगडी, किवळे, भोसरी, दिघी या नावांखाली स्वस्त घरं दिसतात, त्यांतली काही याच पट्ट्यात असतात. तिथे इमारती आहेत, माणसं राहतात, वीजही आहे. म्हणून ‘इतके लोक राहतात, काही होत नाही’ हे एजंटचं वाक्य पटतं. पण मंजूर नकाशा नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि तुमच्यानंतरचा गिऱ्हाईकही रोखीवालाच शोधावा लागतो. गावाच्या नावावरून काही ठरवू नका, गट क्रमांक घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात विचारा.

दुसरी पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम चालत नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीकाठी निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. लोक त्यांत राहत होते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी घरात शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. नदीपासून अंतर मीटरमध्ये मोजून उपयोग नाही, कारण जमिनीची उंची महत्त्वाची. विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही रेषा आखलेल्या असतात. त्या गटाचा ‘भाग नकाशा’ आणि ‘झोन दाखला’ अर्ज करून मिळतो, फी किरकोळ असते. हा कागद विक्रेत्याकडून घेऊ नका, स्वतः काढा.

टेकडीउतारावरचं बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षण, डोक्यावरून जाणारी उच्चदाब वाहिनी आणि गुंठेवारीतली (जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून परवानगीशिवाय बांधलेली) इमारत ही त्याच जातीची कारणं. गुंठेवारी ओळखायची खूण सोपी: सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं सामाईक, एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर चार मजले, लिफ्ट नाही, इमारत शेजारच्या भिंतीला अगदी चिकटलेली, आणि व्यवहार ‘नोटरी करून देतो’ असा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर आठ फ्लॅट उभे असतील तर नकाशा मंजूर असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

आता जाणारी कारणं. ही ओळखता येणं हेच खरं कसब.

चांदणी चौकाचं उदाहरण घ्या. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, नवी उड्डाणपुलांची रचना १२ ऑगस्ट २०२३ ला खुली झाली. ती खुली होईपर्यंत काही वर्षं बावधन-भूगावकडे जायचं म्हणजे रोजची शिक्षा होती. भूगाव-भुकूमला घर बघायला आलेलं गिऱ्हाईक त्या कोंडीतूनच परत जायचं. पण तिथे निधी मंजूर होता, भूसंपादन झालं होतं, यंत्रं उभी होती. गैरसोय अशी शेवटच्या टप्प्यात आलेली असते तेव्हा भाव सर्वांत नरम असतो. पुनावळ्याचंही तसंच. तिथे कचरा डेपोचं आरक्षण होतं, रहिवाशांनी आंदोलन केलं आणि २०२३ च्या अखेरीस ते रद्द करत असल्याचं सरकारनं जाहीर केलं. ज्यांनी आरक्षण बघितलं होतं ते सावध होते. ज्यांनी बघितलंच नव्हतं, त्यांचं फक्त नशीब चांगलं.

पण काम चालू आहे म्हणजे कारण जाणारच, असंही नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या रुंदीकरणाचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं. जागा ताब्यात येईना, म्हणून ८४ मीटरचा रस्ता ५० मीटरवर आणावा लागला, आणि वर्षं गेली. त्याहून जुना दाखला उच्च क्षमता द्रुतगती मार्गाचा (शहरातला वर्तुळाकार रस्ता, एचसीएमटीआर): १९८७ च्या विकास आराखड्यात आला, अजून कागदावरच आहे. विमानतळाचंही तेच. आधी खेड-चाकणकडे होणार म्हणून तिकडच्या जमिनी तापल्या, मग २०१६ मध्ये पुरंदरचं नाव आलं आणि सासवडकडचे फलक बदलले. त्यामुळे नियम कडक ठेवा: ज्या मेट्रोचं तिकीट आज काढता येतं तीच मेट्रो हिशेबात धरायची. काम चालू असलेल्या मार्गाला अर्धे गुण, मंजुरी मिळालेल्याला शून्य. प्रस्तावित मार्गाला उणे गुण, कारण त्याची किंमत बिल्डरनं आधीच लावलेली असते. पत्रकावर ‘प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं असेल, तर ती पाच मिनिटं कुठल्या वाहनानं हेही विचारा.

पाण्याकडे येऊ. पुण्यात स्वस्ताईचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि फ्लॅट बघायला गेलेला माणूस नेमकं हेच विचारत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. हद्दीत आलं म्हणजे नळाला पाणी आलं, असा समज आहे. पाइप, टाक्या, ड्रेनेज यायला वर्षं लागतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या नांदेड-किरकटवाडी-धायरी पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिली शंका पाण्यावरच गेली. पिंपरी-चिंचवडमध्येही नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड आहे, तेव्हा ‘तिकडे पाण्याची चिंता नाही’ हेही अर्धसत्यच.

टँकरचा हिशेब एकदा कागदावर मांडा. माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण. शंभर फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे रोज ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. टँकर १२०० रुपयांचा धरला तर महिन्याला सुमारे १ लाख ९४ हजार, म्हणजे घरटी १९५० च्या आसपास, तोही मेंटेनन्सच्या वर. उन्हाळ्यात दर चढतो आणि टँकर वेळेवर येत नाही, ते वेगळंच. पाण्यापोटी महिना दोन हजार म्हणजे वीस वर्षांच्या कर्जावर साधारण सव्वादोन लाख जास्त दिल्यासारखं आहे. चौरस फुटाला वाचलेले तीन-चारशे रुपये इथेच जिरतात.

खरी माहिती सेक्रेटरीकडे नसते, गेटवर असते. सोसायटीच्या केबिनमध्ये टँकरची नोंदवही असते: तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. ‘जरा बघू का’ म्हटलं तर वॉचमन सहसा नाही म्हणत नाही. एप्रिल-मेची पानं उघडा आणि रोजच्या ओळी मोजा. वही नसेल तर खालच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते बघा. झाकणाभोवतीची फरशी तुटलेली, कडेला टायरचे खोल चर आणि गेटपासून टाकीपर्यंत पांढऱ्या क्षारांचा ओघळ दिसला, तर तिथे वर्षभर टँकर येतो. मग विक्रेता ‘फक्त मे महिन्यात दोन-चार’ म्हणाला तरी वाद घालू नका, भाव कमी करायला सांगा.

भाव खरा किती, हे जाहिरातीवरून किंवा मालमत्तेच्या ॲपवरून कळत नाही, तिथे मागितलेला भाव असतो. झालेला भाव नोंदणी विभागाकडे असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यातला मोफत पर्याय घ्या. वर्ष, जिल्हा, तालुका (बहुतेक हवेली, हिंजवडी-बावधनच्या बाजूला मुळशी), गाव आणि मिळकत क्रमांकाच्या जागी सर्व्हे किंवा गट क्रमांक टाका. गावाचं नाव बुद्रुक-खुर्द चुकलं तर काहीच सापडत नाही, आणि लोक इथेच कंटाळून सोडून देतात. सापडलेल्या दस्ताची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा) उघडा. ‘मोबदला’ म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत, ‘बाजारभाव’ म्हणजे सरकारी मूल्यांकन. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणा. समजा ५२ चौरस मीटर कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) आणि मोबदला ४२ लाख: ५६० चौरस फूट, म्हणजे कार्पेटवर ७५०० चा भाव. याच इमारतीतले तीन वर्षांपूर्वीचे आणि गेल्या सहा महिन्यांतले चार-पाच दस्त काढले की भाव चढतोय, थांबलाय की फक्त बिल्डरच्या पत्रकावरच चढतोय, ते दिसतं.

त्याला भाड्याची जोड द्या. विक्रीचा भाव गुंतवणूकदार फुगवू शकतात, भाडं मात्र तिथे खरंच राहायला येणारा माणूस ठरवतो. ४२ लाखांच्या फ्लॅटला १६,००० भाडं मिळत असेल तर वर्षाला १ लाख ९२ हजार, म्हणजे साडेचार टक्के. शहरात सहसा यापेक्षा कमी मिळतं, त्यामानानं हे चांगलं, आणि याचा अर्थ माणसं येताहेत पण भाव अजून मागे आहे. उलट तीन वर्षांत भाव तिसऱ्या हिश्शानं वाढला आणि भाडं जिथल्या तिथे असेल, तर तो भाग वर आलेला नाही, फक्त विकला गेलाय.

याचा ताळा प्रत्यक्ष जाऊन लावता येतो. रात्री नऊला समोरून इमारत बघा आणि खिडक्यांतले दिवे मोजा. दिवे फसवतात, म्हणून सकाळी परत जाऊन गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे मोजा. शंभरातल्या चाळीस गॅलऱ्या रिकाम्या असतील तर मेंटेनन्स भरणारे कमी, लिफ्टची दुरुस्ती रेंगाळते, आणि विकायला काढाल तेव्हा तुमच्याच इमारतीतले चाळीस फ्लॅट तुमच्याशी स्पर्धेत. भेटी तीन द्या: मंगळवार-बुधवारी सकाळी पावणेनऊला ऑफिसच्या दिशेनं प्रत्यक्ष निघून, शनिवारी रात्री दहानंतर, आणि जुलैत मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत. रविवारी सकाळी अकराची साइट व्हिजिट मोजायची नाही, त्या वेळी सगळं पुणं मोकळं असतं.

दुकानंही बरंच बोलतात. मोबाइल रिचार्ज, बिअर शॉपी आणि हार्डवेअरची दुकानं म्हणजे बांधकाम सुरू आहे, वस्ती नाही. पोळी-भाजी केंद्र, बालरोगतज्ज्ञाची पाटी, पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर, शाळेच्या बसचा थांबा, सकाळी सातला दुधाच्या टपरीवर रांग, हे दिसलं की कुटुंबं टिकली आहेत. पोळी-भाजी केंद्राला माझ्या हिशेबात मॉलपेक्षा जास्त गुण. नोकरी करणारी दोन माणसं घरात असलेली दोनेकशे कुटुंबं आसपास नसतील तर ते सहा महिन्यांत बंद पडतं.

शक्य असेल तर त्याच भागात आधी अकरा महिने भाड्यानं राहा. मार्चमध्ये करार सुरू करा, म्हणजे उन्हाळ्याचं पाणी आणि पावसाळ्याचा रस्ता दोन्ही एकाच करारात बघून होतात. भाडेकरार नोंदवलाच पाहिजे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये. ‘नोटरी पुरते’ हे खोटं आहे, पोलीस पडताळणीत आणि पत्त्याच्या पुराव्यात तो कागद चालत नाही.

आता तुमचा हिशेब. ४५ लाखांत ‘सगळं धरून’ म्हणता, तर कराराची रक्कम ४१ लाखांच्या वर जाऊ देऊ नका. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे २ लाख ८७ हजार. नोंदणी ३०,०००. जुन्या सोसायटीत हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५,०००, त्याहून जास्त ‘देणगी’ मागतात, ती देणं बंधनकारक नाही. एजंटचा एक टक्का ४१,०००. बेरीज ४४ लाख ८३ हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर शुल्क ६ टक्के लागतं, ४१ हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, मुद्रांकाचे पैसे त्यात धरत नाही. म्हणजे रोख १२ लाख हाताशी हवेत. बहुतेकांचा व्यवहार इथेच फिसकटतो, भागाच्या निवडीवर नाही.

बांधकाम चालू असलेलं घर घेतलंत तर जीएसटी. पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. या ४५ लाखांत पार्किंग आणि बिल्डरची बाकीची आकारणीही धरली जाते. ४४.९ लाखांवर ४५ हजार, ४६ लाखांवर २ लाख ३० हजार. लाखभराच्या वाढीला पावणेदोन-दोन लाखांचा कर. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

नावावर येतो. तुमच्या दोन नोकऱ्या एकमेकींपासून लांब आहेत, त्यामुळे वाघोली, मांजरी, उंड्री कितीही स्वस्त मिळाले तरी सोडा, एकाचा रोज तीन तासांचा प्रवास होईल. धायरी-नऱ्हे बायकोला सोयीचं, पण नवऱ्याला महामार्गावरून वाकडपर्यंत रोज नवले पूल ओलांडावा लागेल. रावेत-पुनावळे हिंजवडीला जवळ, तिथून स्वारगेट मात्र लांब, आणि नव्या इमारतीतला टू बीएचके ४१ लाखांत बसवताना कार्पेट फारच आक्रसतं.

बसतो तो दापोडी-कासारवाडी-पिंपळे गुरवचा पट्टा. कासारवाडी आणि दापोडीला लोणावळा लोकल आणि मेट्रो दोन्ही आहेत. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो भुयारातून थेट स्वारगेटला जाते, बायकोचा प्रवास गाडी न बदलता होईल. नवऱ्याला नाशिक फाट्याहून पिंपळे सौदागर-वाकड रस्त्यानं हिंजवडी. लोकलवर फार विसंबू नका, दुपारी गाड्यांत मोठा खंड असतो. हा पट्टा ‘उगवता’ म्हणून कोणी विकत नाही, कारण तिथे मोकळी जमीन नाही आणि मोठ्या बिल्डरचे फलक नाहीत. स्वस्ताईचं कारण काय? अरुंद रस्ते, पार्किंगची मारामारी, पंधरा-वीस वर्षांच्या चार मजली इमारती. रस्ते रुंद होणार नाहीत, हे कारण राहणारच. पण जुन्या इमारतींत कार्पेट मोठं असतं आणि पाणी दिवसाआड का होईना महापालिकेचं असतं. जमिनीत हिस्साही जास्त येतो, आणि पुनर्विकासाला तोच उपयोगी पडतो.

तिथे तीन गोष्टी तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. पवना आणि मुळा दोन्ही जवळ आहेत, म्हणून दापोडी आणि पिंपळे गुरवच्या नदीकडच्या गल्ल्यांसाठी पूररेषेचा नकाशा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, कारण त्या काळातल्या पुष्कळ इमारतींचं ते घ्यायचंच राहून गेलंय. आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेअन्स, म्हणजे बिल्डरकडून जमिनीची मालकी) सोसायटीच्या नावावर झालंय का. झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेअन्स) अर्ज केलाय का, त्याचा क्रमांक मागा. टोकन लाखाच्या वर देऊ नका, चेकनंच द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की वरचे कागद वकिलाला पटले नाहीत तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत.